संस्कृती म्हणजे शेजारी : पेडणे-डिचोलीच्या वाटेवरून गोव्यातील चर्चचा आढावा

गोव्याबाहेरच्या माणसाच्या मनात गोवा म्हणजे चर्चचा मुलूख. आकडे वेगळे बोलतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती २५ टक्के आणि हिंदू ६६ टक्के. हे २५ टक्केही सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. साष्टी, बार्देश, तिसवाडी, मुरगाव या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, ते दाटीने राहतात. शापोरा नदी ओलांडून पेडण्यात शिरले किंवा म्हापशाहून पूर्वेला डिचोलीकडे वळले की चित्र पालटते. पेडणे तालुक्याची वस्ती सुमारे ७६ हजार, डिचोलीची सुमारे ९८ हजार, आणि दोन्हीकडे ख्रिस्ती समाज थोडका. हरमलला माउंट कार्मेल सायबिणीची इगर्ज आहे, डिचोलीत ग्रेस सायबिणीची, साखळीत सेंट जॉन ऑफ द क्रॉसची. पण गावाचे वर्ष चालते ते जत्रा, शिगमो, दसरा, भजनी सप्ताह आणि दशावतार यांच्या हिशेबाने. घरात वाचले जाते ते मराठी.

चर्चने आधुनिक संस्कृतीशी खऱ्या प्रेमाने कसे वागावे, हा प्रश्न सध्या जगभरच्या ख्रिस्ती समाजात चर्चेत आहे. गोव्यात त्याचे उत्तर शोधायचे तर बहुतेक लोक जुन्या गोव्याच्या बासिलिकेकडे किंवा मडगावकडे पाहतील. या लेखाचे म्हणणे असे की ते पेडणे-डिचोलीत शोधावे. जिथे आपली माणसे मोजकी आणि मागे सत्तेचा हात नाही, तिथेच एखाद्या धर्मसंस्थेचे प्रेम पारखता येते.

पाच तऱ्हा आणि सहावी अडचण

एच. रिचर्ड नीबर या अमेरिकन धर्मचिंतकाचे ‘क्राइस्ट अँड कल्चर’ हे पुस्तक १९५१ साली आले. ख्रिस्ती माणूस संस्कृतीशी पाच तऱ्हांनी वागत आला, असे नीबर म्हणतात. तो तिच्याविरुद्ध उभा राहतो, तिच्यात मिसळून जातो, तिच्यावर ख्रिस्ताचे छत्र धरतो, दोहोंमधली ओढाताण सोसत जगतो किंवा तिला बदलायला निघतो. धर्मशास्त्राच्या वर्गांत ही मांडणी अजून शिकवतात.

गोव्यात मात्र ती अपुरी पडते. नीबर ज्या संस्कृतीबद्दल बोलतात ती ख्रिस्ती समाजानेच घडवलेली आणि आता त्याच्या हातून निसटू लागलेली आहे. पेडण्यात तसे नाही. तिथे संस्कृती म्हणजे शेजारी. त्याचे देऊळ, त्याची भाषा, त्याचा सण, आणि चर्चने कधीकाळी त्याच्या पूर्वजांशी केलेला व्यवहार, हे सगळे त्यात आले. अशा ठिकाणी ‘संस्कृतीविरुद्ध’ जाणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध जाणे आणि ‘संस्कृती बदलणे’ म्हणजे शेजाऱ्याला बदलणे. शब्द धर्मशास्त्राचे असले तरी ऐकणाऱ्याच्या कानात इतिहास वाजतो.

सत्ता हाती होती तेव्हा

तो इतिहास टाळून पुढे जाता येत नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६६-६७ च्या सुमारास बार्देश-साष्टीतील देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) आले आणि १७७० च्या दशकातला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने तर घरातल्या चालीरीतींनाही हात घातला. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, फुले-विडे पाठवायचे नाहीत, अंगणात तुळस लावायची नाही, धोतर आणि चोळी घालायची नाही. प्रियोळचे अभ्यासक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात हा काळ कागदपत्रांनिशी मांडला आहे.

या काळाची खूण डिचोलीतच उभी आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेल्यावर देव नदीपलीकडे नार्वे येथे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. त्याच्या आदल्या वर्षीच राज्याच्या अंदाजपत्रकात पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांसाठी २० कोटी रुपयांची तरतूद झाली होती. तेव्हा नार्व्याचा माणूस हा विषय पुस्तकातून शिकत नाही. तो त्याच्या गावाच्या मंदिराचा चरित्रभाग आहे.

हे सगळे केवळ चर्चने केले असे म्हणणे सोपे पण अर्धवट. राजा, व्हाइसरॉय, धर्मसंघ आणि स्थानिक हितसंबंध यांचा तो गुंता होता, आणि बाटलेल्या गोवेकर पाद्रींनाही युरोपीय पाद्री कमी लेखत. पण त्या काळात चर्च आणि सत्ता एकाच पालखीला खांदा देत होत्या, हेही तितकेच खरे. प्रेमाचा उपदेश आणि बळाचा वापर एकाच तोंडून आणि हातून येत राहिले, तर उपदेशावरचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या उडतो.

सत्तेच्या छायेतले दोन वेगळे पाद्री

त्याच काळात दोन माणसे वेगळ्या वाटेने गेली. दोघांचा विचार एकत्र केला की लेखाचा मुद्दा अधिक उघड होतो.

पहिले थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत रमले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून ठार करण्यात आले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडलेल्या त्या मुलखात स्टीफन्सनी भाषा शिकली, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापून आले. मराठीत, ओवीत, जवळजवळ ११ हजार ओव्यांचे. नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. त्या रिकाम्या जागी वाचायला-ऐकायला काहीतरी हवे, ही मागणी ग्रंथाच्या आरंभीच नोंदलेली आहे.

स्टीफन्सचे मराठीवरचे प्रेम अस्सल होते, त्याबद्दल मराठी रसिकांत दुमत नाही. पण ज्या व्यवस्थेने लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या, तिच्याच आसऱ्याने त्यांनी नवी पोथी दिली. म्हणून हा ग्रंथ एकाच वेळी सुंदर आणि अस्वस्थ करणारा आहे. शिवाय १६८४ च्या हुकुमानंतर त्याच्यामागची भाषादृष्टीच मावळली. पुस्तक राहिले, धोरण गेले.

दुसरे जोसेफ वाझ. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेला हा गोवेकर पाद्री १६८७ मध्ये श्रीलंकेत गेला, तेव्हा तिथून पोर्तुगीज हाकलले गेले होते आणि डच राज्यकर्ते कॅथलिकांच्या मागे लागले होते. वाझ भिकाऱ्याच्या वेषात हिंडले. त्यांनी तमिळ आणि सिंहली शिकून घेतल्या. कँडीच्या बौद्ध राजाने आधी त्यांना कैदेत टाकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, माणसे आजाऱ्यांना सोडून पळाली, तेव्हा वाझ आणि त्यांचे सहकारी ख्रिस्ती-बौद्ध असा भेद न करता रोग्यांजवळ राहिले. राजाने त्यांना मोकळेपणी काम करू दिले ते यानंतर. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

स्टीफन्सकडे विद्वत्ता होती आणि पाठीशी सत्ताही होती. वाझकडे फक्त विद्वत्ता आणि सेवा होती. गोव्यात वाझ यांची चित्रे आणि पुतळे भरपूर. त्यांची पद्धत अजून तेवढी वापरात नाही.

नवी काबिजाद : बळ न वापरलेली भूमी

डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून आलेल्या या मुलखात राज्यकर्त्यांनी लोकांच्या धर्माला, देवळांना आणि रूढींना हात न लावण्याची हमी दिली. तोवर जेजुइटांना बाहेर काढून दोन दशके उलटली होती आणि इन्क्विझिशनचाही दम संपत आला होता. म्हणून या तालुक्यांत सामुदायिक धर्मांतर घडले नाही, देवस्थाने टिकली, मराठी कीर्तन-भजनाची परंपरा अखंड राहिली. पुढे उभ्या राहिलेल्या इगर्जी मुख्यतः बार्देशातून शेती-व्यवसायासाठी आलेल्या कुटुंबांच्या आणि सरकारी माणसांच्या सोयीसाठी होत्या.

याचा परिणाम आजवर दिसतो. जुन्या काबिजादीत चर्च म्हणजे गावचा मध्यबिंदू, तिच्याभोवती बाजार, शाळा, कोमुनिदादचे (गावकीचे) व्यवहार. पेडणे-डिचोलीत चर्च ही गावातल्या अनेक वास्तूंपैकी एक. तिला मान आहे, पण हुकूमत नाही. चर्चच्या कागदोपत्री नकाशात अशा ठिकाणाला ‘लहान’ धर्मग्राम म्हणतील. प्रश्न प्रेमाचा असेल तर हेच धर्मग्राम मोठे.

लोकांनी आधीच सोडवलेले गणित

विद्वानांनी ‘संवाद’ हा विषय हाती घेण्याआधी लोकांनी तो आपल्या रीतीने उलगडला होता. सात बहिणींची कथा गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. लईराई शिरगावला, केळबाई मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई मोरजीला, अंजदीपा अंजदीव बेटावर, शीतळाई पाताळात, आणि मिराबाई म्हापशाला. मिराबाई म्हणजेच मिलाग्रिस सायबीण, असे लोक मानतात. सातांपैकी तीन बहिणी डिचोलीत, एक पेडण्यात. एक बहीण चर्चमध्ये गेली म्हणून नाते तुटले, असे कथा म्हणत नाही. मिलाग्रिसच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल वाहायला येतात. शिरगावहून तेल आणि म्हापशाहून फुले असा बहिणी-बहिणींमधला आहेरही परंपरेत सांगितला जातो.

शापोरेच्या अलीकडच्या काठी शिवोलीचा जागर आहे. त्यात हिंदू आणि ख्रिस्ती एकत्र रंगतात. कुंकळ्ळीहून फातर्प्याला निघणाऱ्या शांतादुर्गा कुंकळ्ळकारणीच्या छत्र्यांच्या मिरवणुकीत बारा वांगडींचा (कुळांचा) मान आहे, आणि त्यांत आज ख्रिस्ती असलेली कुटुंबेही येतात. ज्या गावाने १५८३ चे रक्त पाहिले, त्या गावाने हे जपले. नव्या भाताच्या कणसांचा सण हिंदू नवे म्हणून करतात आणि चर्चमध्येही तो कणसांचे फेस्त म्हणून होतो.

या परंपरांना धर्मशास्त्रज्ञ कधी अंधश्रद्धा म्हणतात, कधी भेसळ. राजकारणी त्यांना ‘गोंयकारपण’ म्हणून फलकावर लावतात. दोघांच्याही हातून एक गोष्ट सुटते. या रीती मागे कोणाचा आदेश नाही आणि फायद्याचे गणितही नाही. शेजाऱ्याचे देवत्व आपल्या कुळात बसवून घेण्याची ही लोकांची पद्धत आहे. चर्चने तिला मान्यता द्यावी असे नाही. तिच्यापासून शिकावे इतकेच.

परिषद, चित्रकार आणि मराठी वळण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) चर्चची अधिकृत भाषा बदलली. ऑक्टोबर १९६५ मध्ये इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा आला, डिसेंबरमध्ये आधुनिक जगाविषयीचा. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, जगाची दुःखे आणि आशा आपल्या मानते, ही नवी भूमिका. लॅटिन मागे पडली, मिसा लोकभाषेत होऊ लागली. गोव्यात तो मान कोंकणीला मिळाला.

परिषदेच्या तीस वर्षे आधीच एका गोवेकर चित्रकाराने ही वाट धरली होती. सांतेस्तेव्ह बेटावर जन्मलेले आंजेलो द फॉन्सेका (१९०२-१९६७) बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत घडले. त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि सावळ्या गोव्याच्या स्त्रीचा चेहरा दिला. गोव्यात त्यावर रोष झाला. फॉन्सेका पुण्यात आले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि उरलेले आयुष्य महाराष्ट्रात काढले. ज्या समाजाला ती चित्रे परकी वाटली, त्याच गोव्यात आज ती पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात जपली आहेत.

फॉन्सेकांना आसरा देणारा तो आश्रम इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२० च्या दशकात उभा केलेल्या ख्रिस्त सेवा संघाचा. विन्स्लो यांनी रेव्ह. ना. वा. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली, तीत बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेलेही ख्रिस्तभक्त सामावणार होते. मराठी अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाणाऱ्या टिळकांना मिशनच्या चौकटीत गुदमरल्यासारखे झाले ते यामुळेच.

ही परंपरा पुढे वसईत दिसते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, बायबलचे सुबोध मराठी रूप दिले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला धर्माच्या नावावर विरोधही झाला. पण मराठी माणसांच्या मनात त्यांनी जागा केली ती आणखी एका कारणाने. बिल्डरांच्या आक्रमणापासून वसईची शेती-बागायती वाचवण्यासाठी त्यांनी हरित वसई चळवळ उभी केली, आणि त्या लढ्यात कोणाची विहीर वाचते आणि कोणाची नाही याचा जातधर्म पाहिला नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चने राज्याचा आश्रय गमावला. सुमारे पावणेतीनशे वर्षांनी त्याच वसईतून मराठीचा संमेलनाध्यक्ष पाद्री निघाला. सत्ता गेल्यावर भाषेने दिलेले हे दान आहे.

पेडण्याच्या शेजारीही असाच प्रयोग चालू आहे. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, आणि त्याचे पहिले बिशप गोवेकरच. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणच्या ख्रिस्ती समाजाची प्रार्थना मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषांत चालते. तेरेखोलच्या अलीकडे-पलीकडे माणसे तीच, सोयरिकी त्याच.

भाषेच्या भांडणात चर्च

गोव्यात मात्र भाषेने चर्च आणि पेडणे-डिचोली यांच्यात दरी पाडली. पेडण्यात जन्मलेले, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते वेगळ्या गोव्याला आणि १,३८,१७० मते महाराष्ट्रातील विलीनीकरणाला मिळाली. ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने पहिल्या बाजूला, पेडणे-डिचोली दुसऱ्या. १९८५-८६ च्या राजभाषा आंदोलनातही फळ्या जवळपास तशाच राहिल्या. १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराला मुभा मिळाली.

१९९० मध्ये बांदोडकरांच्या कन्या शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान कोंकणी-मराठी माध्यमापुरते राहिले. धर्मप्रांताच्या शाळांनी इंग्रजी सोडून कोंकणी घेतली. २०११ मध्ये सरकारने इंग्रजीलाही अनुदान दिले आणि त्या शाळा परत इंग्रजीकडे वळल्या. भारतीय भाषा सुरक्षा मंचाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. पालकांना माध्यम निवडण्याचा हक्क आहे, हा चर्चचा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने वजनदार होता. हिंदू पालकही मुलांना इंग्रजी शाळेत घालत होते आणि गावोगावच्या सरकारी मराठी शाळा पटाअभावी बंद पडत होत्या, हेही खरे. पण चर्च फक्त आपल्या शाळांचा हिशेब पाहते, मातृभाषेचा नाही, असा समज या वादाने घट्ट केला.

आणखी एक अडचण शांतपणे चालू असते. चर्चची कोंकणी रोमी लिपीतली. प्रार्थनापुस्तके, ‘वावराड्यांचो इश्ट’सारखे १९३३ पासूनचे साप्ताहिक, बिशपांची परिपत्रके बहुतांश रोमीत आणि इंग्रजीत. पेडण्याचा माणूस देवनागरीत वाचतो. त्याच्या गावच्या चर्चचे म्हणणे त्याच्यापर्यंत येते ते वर्तमानपत्रातल्या बातमीतून, आणि बातमी बहुधा वादाची असते. आर्चबिशपांचे २०१८ चे वार्षिक पत्र याचे उदाहरण. संविधान धोक्यात असल्याचा त्यातला उल्लेख देशभर गाजला. गरिबी आणि मानवी हक्क यांवरचे त्यातले बाकीचे लिखाण मराठी वाचकापर्यंत पोचलेच नाही.

आधुनिकता आली ती दोघांच्याही दारी

‘आधुनिक संस्कृती’ म्हटल्यावर पुस्तकांत निरीश्वरवाद, विज्ञान, लैंगिकता असे विषय येतात. पेडणे-डिचोलीत आधुनिकता वेगळ्या रूपात आली आहे.

डिचोलीत ती खाणीच्या रूपाने आली. शिरगाव, मुळगाव, मये, पाळे, हरवळे या पट्ट्यातले लोहखनिज परदेशी गेले आणि गावात धूळ, आटलेल्या विहिरी आणि ट्रकवर उभी राहिलेली कर्जे उरली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. लिलावानंतर डिचोलीचा खाणपट्टा २०२४ मध्ये सुरू झाला आणि घरे, देवळे, शेते लीजबाहेर काढा म्हणून मुळगावचे लोक उभे राहिले. लईराईचे शिरगाव आणि केळबाईचे मुळगाव आज खाणीच्या नकाशावर आहेत.

पेडण्यात ती विमानतळाच्या रूपाने आली. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधीच किनाऱ्यावर मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल बदलून गेले होते. कासवांची अंडी जपणाऱ्या वाळूला लागून रात्रभर वाजणारे संगीत, परदेशी भाषेतल्या पाट्या, गगनाला भिडलेले जमिनीचे भाव. २०२३ मध्ये तालुक्याच्या झोनिंग आराखड्याला गावोगाव विरोध झाला आणि सरकारला मसुदा मागे घ्यावा लागला.

या संकटांना धर्म नाही. जमीन विकणाऱ्यांत हिंदू-ख्रिस्ती दोन्ही आहेत, तशीच अमली पदार्थांत हरवलेली मुले आणि आखात-युरोपकडे निघालेले तरुणही. जुनी संस्कृती दोन समाजांना वेगळे करीत होती, नवी दोघांना एकाच रांगेत उभे करते आहे. गोव्याच्या इतिहासात चर्चला अशी संधी पूर्वी मिळालेली नाही.

चर्चने ती किती घेतली? सामाजिक न्याय व शांती मंडळाने खाण, जमीन, किनारा या प्रश्नांवर भूमिका घेतल्या. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखड्याविरुद्धच्या गोवा बचाव अभियानाला चर्चचे बळ होते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या पर्यावरणविषयक पत्राने त्याला धर्माचा आधार दिला. पण मोपाच्या बाबतीत चित्र उलटे दिसले. विरोधाचा जोर दक्षिण गोव्यातून, दाबोळीचा जुना विमानतळ वाचवण्यासाठी होता, आणि पुढे असणाऱ्यांत एक धर्मगुरूही होते. पेडण्याच्या तरुणाला ते आपल्या नोकरीच्या आड येणारे दक्षिणेचे राजकारण वाटले. पठारावरच्या धनगर कुटुंबांचे विस्थापन हा विषय त्या गदारोळात दुय्यम राहिला. साष्टीच्या किनाऱ्यासाठी चर्चचा जो आवाज उठतो, तोच शिरगावच्या विहिरीसाठी तेवढ्याच जोराने उठला, तर लोकांना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

रागाची परीक्षा

प्रेमाची दुसरी परीक्षा अपमानाच्या वेळी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांच्या डीएनए चाचणीची मागणी संघाचे गोव्यातील माजी प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी केली. ख्रिस्ती समाज रस्त्यावर उतरला, डिचोली पोलिसांत गुन्हा नोंद झाला. अवघ्या दीड महिन्यावर शवप्रदर्शनाचा सोहळा होता. चर्चच्या मंडळाने वक्तव्याचा निषेध केला, कारवाई मागितली आणि लोकांना संयम पाळायला सांगितले. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ हा सोहळा पार पडला आणि नेहमीप्रमाणे ‘गोंयच्या सायबा’च्या दर्शनाला हिंदूही आले.

संयमाचे हे आवाहन मोलाचे. पण झेवियर यांचे नाव घेतले की नार्व्याच्या माणसाच्या मनात इन्क्विझिशनची आठवणही जागी होते, कारण गोव्यात इन्क्विझिशन आणावे अशी मागणी झेवियर यांनी स्वतः राजाला लिहिली होती. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या असहिष्णुतेबद्दल क्षमा मागितली. त्या प्रार्थनेत गोव्याचे नाव नव्हते.

शिवोलीत एक वेगळीच गुंतागुंत आहे. तिथल्या स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळ्यांना गोव्यात ‘बिलिव्हर्स’ म्हणतात. मे २०२२ मध्ये अशा एका मंडळीच्या पास्टरला आणि त्याच्या पत्नीला आमिषाने धर्मांतर केल्याच्या आरोपावरून अटक झाली, पुढे जामीन मिळाला. कॅथलिक चर्च या मंडळ्यांपासून अंतर राखते. गावातल्या अनेकांना मात्र हा फरक कळत नाही, सगळेच ‘पाद्री’ होतात. बळजबरी किंवा आमिष असेल तर कायदा आहेच. पण रोगी, व्यसनी, एकाकी माणूस अशा मंडळीकडे का जातो, हा प्रश्न चर्चनेही आणि देवस्थान समित्यांनीही स्वतःला विचारायला हवा. त्याला तिथे कोणीतरी नावाने हाक मारते, हे उत्तर दोघांनाही रुचणारे नाही.

मग काय करावे?

या सगळ्या आढाव्यातून काही गोष्टी ठसठशीत उरतात. पहिली, भाषेची. पेडणे-डिचोलीच्या धर्मग्रामांनी गावाशी बोलताना देवनागरीत, मराठीत आणि कोंकणीत बोलावे. ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत लिहिणाऱ्या परंपरेला ते जड जाऊ नये. दुसरी, दुःखाची. खाणग्रस्त गाव, बुडालेली शेती, मोपाचे विस्थापित यांच्या बाजूने उभे राहताना तिथे आपली किती घरे आहेत हे मोजू नये. तिसरी, शाळेची. चर्चच्या शाळा इंग्रजी शिकवतात म्हणून लोक मुले पाठवतात. त्याच शाळांत गावचा दशावतार, जागर, भजन आणि गावचा इतिहास, त्यातल्या जखमांसकट शिकवला गेला, तर अनुदानाच्या वादातला अर्धा राग निवेल.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. गोव्याच्या चर्चने इन्क्विझिशन आणि देवळांच्या विध्वंसाबद्दल गोव्याचे नाव घेऊन, लोकांच्या भाषेत बोलावे. याला विरोधकांच्या हाती कोलीत देणे म्हणून घाबरले जाते. पण हा विषय चर्चने उघडला नाही, तर दर निवडणुकीत दुसरे कोणी उघडतच राहणार आणि ते प्रेमाने उघडणार नाहीत. बोलायला जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलपेक्षा नार्व्याच्या परिसरातले एखादे सभागृह अधिक योग्य.

हे सारे एकतर्फी होऊ शकत नाही, हेही नोंदवले पाहिजे. मराठीभाषक हिंदू समाजालाही आपल्या शेजारच्या ख्रिस्ती माणसाला पोर्तुगीजांचा वारस समजणे सोडावे लागेल. इन्क्विझिशनच्या दरबारात उभे केलेल्यांत बाटलेले गोवेकर ख्रिस्तीच बहुसंख्य होते. ओवी म्हटल्याबद्दल आणि तुळस लावल्याबद्दल ज्यांच्या आज्या-पणज्यांना शिक्षा झाली, त्यांची नातवंडे आज मिसेला जातात. त्या इतिहासात ती दुखावलेल्यांच्या बाजूची आहेत. पण सुरुवात कोणी करावी, हा प्रश्न निघाला तर ज्याच्या हाती एकेकाळी बळ होते त्यानेच करावी, हा शेजारधर्माचा साधा नियम आहे. पेडणे-डिचोलीत चर्चने बळ कधी वापरलेच नाही, त्यामुळे ही सुरुवात तिला इथून करणे सर्वांत सोपे जाईल.